एक्क्याऐंशीवीची ओटी

रांझी, जबलपूर.
फाल्गुन वद्य पंचमी (तिथी शेजाऱ्यांच्या कॅलेंडरातून घेतली आहे, चुकली असल्यास दोष त्यांचा).

तीर्थस्वरूप पुष्पाताईस,

धाकट्या श्रीरंगाचा दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार (उजवा गुडघा अजून दुखत असेल तर सध्या नुसता डावा धर). अच्युतरावांनाही नमस्कार. तुझी तब्येत आता कशी आहे? छातीवरचा टाका ओढतो का? अच्युतराव फोनवर म्हणाले की तू सकाळी कॉलनीला दोन फेऱ्या मारतेस आणि दुसऱ्या फेरीत त्यांना मागे टाकतेस. ऐकून बरं वाटलं. बिनमिठाच्या भाजीवरून तू त्यांना जे बोललीस तेही त्यांनी सांगितलं, आणि मग तू पूर्ण बरी झालीस याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. आमच्याकडे सगळं ठीक. सुनेत्रा बरी आहे. (हे वाक्य आलं म्हणून पत्राची घडी घालू नकोस, पुढे वाच.)

फोन हाताशी असताना पत्र काहून लिहून राहिला, असं तू विचारशील. त्याचं कारण तुझं दूध. फोनवर मी 'सुनेत्रा' एवढा शब्द उच्चारला की तुझ्याकडे दूध उतू जायला लागतं आणि तू फोन ठेवतेस. आठ वर्षं ते असं उतू जातंय, एकदा तर दवाखान्याच्या खाटेवरूनही गेलं. पत्राचं तसं नाही, गॅस बंद करून आल्यावरही ते तिथेच असतं. म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी भरकटलो तरी कुठे पोचायला निघालो होतो ते तुला ठाऊक असेल. चैत्रगौरीला तू जबलपूरला ये. आठ वर्षं झाली, आता ये. हे पत्र मी सुनेत्राच्या नकळत लिहितो आहे. ती भाजी आणायला गेली आहे, आणि ती एकेक भेंडी ज्या पद्धतीने पारखते ते पाहता माझ्याजवळ दीड तास आहे.

तर त्या खणाबद्दल. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो. आमच्या वास्तुशांतीला तू सुनेत्राला एक खण दिला होतास, जांभळा, मोहरीच्या रंगाच्या काठाचा. (आता सगळ्या ब्लाउजपीस म्हणतात, पण आईचा शब्द माझ्या तोंडातून जात नाही.) सुनेत्राने त्याच्या कोपऱ्यावर बॉलपेनने बारीक 'पु' लिहिलं आणि तो कपाटात ठेवला. आपल्या घरांतून सगळ्याच बायका असं लिहितात, कारण कुणी दिला ते लिहून ठेवलं नाही तर खण फिरून त्याच बाईच्या ओटीत जातो आणि नको तो प्रसंग येतो. चार वर्षांनी, आमच्या अंतराच्या साखरपुड्याला, नेमका तोच खण त्या 'पु'सकट तुझ्या ओटीत पडला. तू कोपरा बघितलास. बोलली काहीच नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नागपूरला गेलीस, आणि खण पाहुण्यांच्या खोलीत उशीवर चौकोनी घडी करून ठेवून गेलीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं, ताई. भांडणाला उत्तर देता येतं, त्या घडीला काय उत्तर द्यायचं ते आम्हाला कळलं नाही. मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो आहे की सुनेत्राच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, गडबडीत हाताला लागला तो खण तिने उचलला. सुनेत्रा यावर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, नुसती उठून दुसऱ्या खोलीत जाते. पुढच्या संक्रांतीला तिने तो कुणाच्या तरी ओटीत घालून टाकला आणि मला वाटलं, सुटलो.

जानेवारीत तुझं ऑपरेशन झालं. मी आलो, सुनेत्रा आली नाही. शुद्धीवर आल्यावर तू आधी दाराकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे, ते मी पाहिलं. मी म्हणालो, घर कोण बघणार. (तू आमचं घर पाहिलेलं आहेस. त्यात बघत बसण्यासारखं काही नाही हे तुलाही ठाऊक आणि मलाही.) मी परत आलो तर इथे वेगळीच बातमी. सुनेत्राने नवस बोलला होता आणि तो फेडायला भेडाघाटच्या चौसष्ट योगिनींची ओटी भरायची होती, चौसष्टही जणींची, प्रत्येकीला वेगळा खण. नवस कशाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, फिटला की सांगीन. मी मनातल्या मनात अंदाज बांधले: अंतराची बढती, माझी साखर, आमच्या गल्लीतल्या नळाचं पाणी. पाणी त्या आठवड्यात खरोखरच आलं होतं, त्यामुळे माझा जास्त भर नळावर होता.

भेडाघाटचं ते टेकडीवरचं देऊळ तुला आठवत असेल, निदान त्याच्या पायऱ्या तरी आठवत असतील, ज्या बघून तू दर वेळी खालीच चहा घेत बसायचीस. हजारेक वर्षांपूर्वीचं देऊळ. मध्ये गौरीशंकर, भोवती मोकळं अंगण, आणि अंगणाला वाटोळा वेढा घालून आपापल्या कोनाड्यात बसलेल्या दगडी देव्या. आम्ही जबलपूरकर घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी भेडाघाट दाखवतो. पस्तीस वर्षांत मी साठ वेळा तरी गेलो असेन. आणि मी कोण? फॅक्टरीच्या तपासणी विभागात नग मोजण्यात जन्म घालवलेला माणूस. एक वॉशर कमी भरला म्हणून मी अख्खी पेटी परत पाठवलेली आहे. पण चौसष्ट योगिनी चौसष्टच असणार, त्यात मोजायचं काय, असं मला वाटलं, सुनेत्राला वाटलं, आणि महिला मंडळातल्या एकूण एक बाईला वाटलं.

सुनेत्राने मंडळाच्या ग्रुपवर कळवलं की ज्यांच्याकडे जपून ठेवलेले खण असतील त्यांनी देवीसाठी द्यावेत. ताई, काय सांगू! प्रत्येकीला वाटलं, बरं झालं. आमच्या इथल्या मराठी घरांत असे खण आहेत की जे गढ्याहून रांझीला, रांझीहून रेल्वे क्वार्टर्सला आणि तिथून परत गढ्याला गेले, पण कधी शिंप्याकडे गेले नाहीत. आठ दिवसांत आमच्या दिवाणावर बसायला जागा उरली नाही. सुनेत्राने विटके काढले, डागाचे काढले, उरलेल्यांना इस्त्री केली आणि चौसष्टांची चळत लावली. मी सवयीने दोनदा मोजून कागदावर बरोबरची खूण केली. वरच्या मजल्यावरचा स्वप्निल (बँकेत आहे, मागच्या वर्षी सांगलीहून बदलून आला, मुलगा गुणी आहे आणि गाडीवाला आहे) आम्हाला घेऊन निघाला.

त्या दिवशी हवा अशी होती की माणसाने काहीच करू नये. पळस सगळीकडे पेटलेला, मोहाचा वास गाडीच्या काचा लावल्या तरी आत येत होता, आणि वर पोचलो तेव्हा खालून नर्मदेचा आवाज असा येत होता की कुणीतरी दुसऱ्या खोलीत जुनी गोष्ट सांगतंय आणि आपल्याला शब्द कळत नाहीत. अंगणात पाचसहा माणसं होती. चौकीदाराने मात्र आमच्या पिशव्या बघूनच हात आडवा केला. मूर्तीला काही लावायचं नाही, चढवायचं नाही. सुनेत्राने त्याला कसं पटवलं ते मला ऐकू आलं नाही, पण ती परत आली ती तह करूनच. कोनाड्यासमोर खाली खण ठेवायचा, त्यावर मूठभर तांदूळ आणि हळकुंड, नमस्कार करायचा आणि सगळं उचलून पुढे जायचं. देवीने बघितलं की पोचलं. एक दाणा मागे राहायला नको.

आणि मला तिने काम दिलं. वाटोळ्या देवळाला टोक नसतं, ताई. एकदा चालायला लागलं की कुठून सुरुवात केली ते सांगता येत नाही, सगळ्या एकाच वयाच्या आणि बऱ्याचशा नाक तुटलेल्या. तेव्हा मी पहिलीसमोर खूण म्हणून बसायचं. "इथून हलायचं नाही, समजलं न? तुम्ही हलले की माझी गिनती गेली," असं दोनदा बजावून ती निघाली. मी छत्री शेजारी ठेवली आणि बसलो. बसायचं आणि हलायचं नाही, या कामासाठी लग्नानंतर पहिल्यांदाच माझी योग्य निवड झाली असं मला वाटत होतं.

यापुढचं मी नीट सांगू शकेन की नाही, ठाऊक नाही. समोर सुनेत्रा एकेका देवीपुढे वाकत होती, उठत होती, पुढे सरकत होती. हिरवा खण, पिवळा खण, परत हिरवा. ऊन अंगणात सायीसारखं पसरलं होतं. डोळे मिटले की नाही ते आठवत नाही, पण मला एकदम उमगलं की हे तर हळदीकुंकू आहे. भिंतीला टेकून बायका बसल्या आहेत, गोल. कुणी मांडी घालून, कुणी एक पाय दुमडून, अशा निवांत की त्यांना घरी जाऊन कुकर लावायचा नाही. कुणाचा हात कोपरापासून नाही, कुणाचं नाक नाही, पण तक्रार कुणाचीच नाही. हजार वर्षं बसून बोलण्यासारखं सगळं बोलून झालेलं असावं. सुनेत्रा सगळ्यांना अत्तर लावत फिरत होती आणि आई (हो, आपली आई, तिची ती चिंचपानी रंगाची साडी) मधे पन्ह्याचं भांडं घेऊन उभी होती. एक कोनाडा रिकामा होता. त्याच्यासमोर पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी. शेजारची देवी, जिला मान होती पण चेहरा नव्हता, ती वळून मला म्हणाली, पुष्पा नाही आली का? मी म्हणालो, येतेय. का म्हणालो, माहीत नाही. मग ती पलीकडच्या देवीला म्हणाली, येतेय म्हणतो. तिने तिच्या पलीकडचीला सांगितलं. असा तो निरोप गोल गोल फिरत सगळ्या जणींतून गेला आणि फिरून माझ्यापाशी आला तेव्हा आईने मला विचारलं, श्री, कधी येतेय?

तेवढ्यात मला कुणीतरी हलवलं. सुनेत्रा समोर उभी होती, पदराने तोंड पुसत. पिशवीत न दाखवलेला एकही खण शिल्लक नव्हता आणि तिच्यापासून माझ्यापर्यंत दहा-बारा देव्या अजून बाकी होत्या. ती माझ्याकडे बघत होती, मग तिने लांब काहीतरी बघितलं. छत्री. छत्री पहिलीसमोर होती, जिथे ठेवली तिथेच. मी नव्हतो. सावली सरकत गेली होती, आणि झोपेत मीही तिच्याबरोबर सरकत चार-पाच देव्या मागे येऊन पोचलो होतो. (माझा दोष किती आणि सूर्याचा किती, हे तूच ठरव.) सुनेत्रा एवढंच म्हणाली की पुढच्या वेळी छत्रीच आणू, ती जास्त भरवशाची आहे.

पण खरा घोळ माझ्या सरकण्याचा नव्हताच. चौकीदार जवळ येऊन बघत होता. त्याने मोठ्या मायेने सांगितलं, "माताजी, नाम चौंसठ है, गिनती इक्यासी है।" आम्ही त्याला समजावलं की असं कसं होईल. तो म्हणाला, गिन लीजिए. मी गिनलं, ताई. छत्रीपासून छत्रीपर्यंत, प्रत्येक कोनाड्यावर बोट ठेवून (म्हणजे लांबून दाखवून), पस्तीस वर्षांची सगळी तपासणी पणाला लावून. एक्क्याऐंशी. सतरा जणी ओटीवाचून बसलेल्या. नंतर खाली गाडीपाशी स्वप्निलला हे सांगितलं तर तो म्हणाला की त्याने सकाळीच फोनवर वाचलं होतं, पण काका-काकू इतकी वर्षं इथे राहतात म्हटल्यावर त्यांना माहीत असेलच असं वाटून तो गप्प बसला. गुणी मुलगा आहे, पण बोलायला जरा शिकला पाहिजे.

पण त्याआधी, वर अंगणात असतानाच, मी सुनेत्राला उपाय सुचवला. पिशवी दाखवून झालेल्या खणांनी भरलेली आहे. देवीने नुसतं बघायचं आहे, घेऊन ठेवायचं नाही. त्यातलेच सतरा काढ आणि या सतरा जणींना दाखव, कोण बघतंय! सुनेत्रा माझ्याकडे अशी वळली की मी छत्री उघडली. म्हणाली, "एकीच्या ओटीचा खण दुसरीला? काहून? तीच चूक परत करू का मी?"

आठ वर्षांत पहिल्यांदा, ताई. चूक हा शब्द आमच्या घरात त्या बाबतीत कुणीही उच्चारलेला नव्हता. उच्चारल्यावर तिची सवयीने दुसऱ्या खोलीत जायची वेळ झाली, पण त्या उघड्या अंगणात दुसरी खोली नाही. मग ती नुसती पाठ फिरवून पासष्टाव्या देवीकडे तोंड करून उभी राहिली. मी काही बोलायला हवं होतं, पण मला तेव्हा फक्त तिचे केस दिसत होते, मागून पुष्कळ पांढरे झालेले. ते मी घरी कधी पाहिले नव्हते.

उतरताना तिने पिशवी उघडली आणि पायऱ्यांवर भेटेल त्या बाईला खण द्यायला लागली. ओटीचे खण परत घरी न्यायचे नाहीत, असं तिचं म्हणणं. मंडला जिल्ह्याकडच्या बायकांचा एक जथा डोक्यावर गाठोडी घेऊन वर चढत होता, त्यांना दिले. संगमरवराच्या मूर्ती विकणाऱ्या बायकांना दिले, झाडणारीला दिला. एका म्हातारीने तर घेतल्या घेतल्या डोक्यावर टाकला आणि तशीच वर गेली. त्या दिवशी जबलपूरच्या मराठी समाजाचा पंधरा-वीस वर्षांचा साठा नर्मदामाईच्या काठी एका तासात संपला. यातले चार खण नक्की शिवले जाणार याचं मला फार समाधान आहे.

आता सतरा खण हवे होते आणि गाव कोरडं पडलेलं. नवे आणू म्हटलं तर सुनेत्रा तयार नाही, नवस सगळ्या घरांच्या खणांचा होता. तिने मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा कळवलं. एकेक करून, ट्रंकेच्या तळातून, गाद्यांच्या घड्यांतून सोळा आले. सतरावा गढ्याहून दीप्तीबाईंनी पाठवला (त्या शाळेत मराठी शिकवायच्या, आता मुलांना मराठी समजतं पण बोलता येत नाही म्हणून घरी नातवावर प्रयोग करतात). सुनेत्राने पिशवीतून तो काढला. जांभळा, मोहरीच्या काठाचा.

मी पाणी प्यायला उठलो आणि प्यायलो नाही. तिने कोपरा उजेडात धरला. 'पु' होतंच. त्याच्या खाली 'सु', मग कुणाच्या तरी हाताचं 'दी', मग 'प्र', 'ज्यो', एक अक्षर पाण्याने फुटलेलं, आणि शेवटी, पाठवताना दीप्तीबाईंनी स्वतः घातलेलं, परत 'दी'. आठ वर्षं तो खण याच गावात घरोघरी राहून आला होता आणि कुणीही तो शिवला नव्हता, कारण त्या जांभळ्याला जुळेल अशी साडी कुणाकडे नव्हती. सुनेत्राने त्याला इस्त्री केली. दोनदा केली. चळतीत सगळ्यात खाली ठेवला.

परवा परत गेलो. या वेळी मी उभा राहिलो, पासष्टावीसमोर, बसायची बंदी होती. चौकीदाराने ओळखलं आणि 'आ गईं माताजी' म्हणून स्वतःच पुढचा पालापाचोळा बाजूला केला. सोळा झाल्या. सुनेत्रा एक्क्याऐंशीवीसमोर गेली, म्हणजे छत्रीच्या अलीकडची. तिला डावा हात नाही आणि चेहरा अर्धाच आहे, पण मांडी शाबूत आहे. ओटीला मांडी लागते, बाकीचं नसलं तरी चालतं. सुनेत्राने जांभळा खण बाहेर काढला, दोन्ही हातांत धरला आणि तशीच उभी राहिली. नर्मदेचा आवाज येत होता आणि कोणीतरी लांब मुलाला हाका मारत होतं. मग तिने खणाची घडी केली आणि पिशवीत परत ठेवला.

मी म्हटलं, अगं, एकच राहिली. ती म्हणाली, "हिची मी नाही भरत. ज्यांच्यासाठी बोलले त्यांनी येऊन भरायची."

नळ नव्हता, ताई. माझी साखरही नव्हती. ज्या दिवशी तुझ्या ऑपरेशनला चारऐवजी सहा तास लागले आणि मी तिथल्या व्हरांड्यातून फोन केला की अजून काही सांगत नाहीत, त्या दिवशी ही इथे रांझीत एकटी अंगणात उभी राहून भेडाघाटच्या दिशेला तोंड करून बोलली होती. नागपूरला का आली नाहीस म्हणून मी तिथेच विचारलं. तर म्हणाली, मी दारात दिसले असते आणि वन्संनी तोंड फिरवलं असतं तर टाका तुटला असता. मी तुझ्या वतीने म्हणालो की नसतं फिरवलं. बरोबर म्हणालो ना?

आता ती भाजीची पिशवी घेऊन कोपऱ्यावर दिसते आहे, म्हणून आवरतो. डॉक्टरांनी तुला तीन महिने जिने चढू नकोस म्हटलंय, ते चैत्रात संपतात. पायऱ्यांची धास्ती घेऊ नकोस. मी घडीचं स्टूल घेऊन तुझ्यामागे चालेन आणि तू म्हणशील त्या पायरीवर मांडेन. तिथे पोचल्यावर मी झोपणार नाही, असं वचन मात्र मागू नकोस. आईने विचारलंय, कधी येतेस, तिला काय सांगू ते मला झोपायच्या आधी कळायला हवं.

तुझ्या आशीर्वादाच्या रांगेत नेहमीप्रमाणे सगळ्यात मागे,
श्रीरंग

ता. क. – सुनेत्राच्या नकळत लिहिलं हे खोटं ठरलं. भेंडी आज चांगली नव्हती म्हणून ती लवकर आली आणि तिने हे सगळं उभ्याउभ्या वाचलं. चिंचपानी असा रंगच नसतो असं म्हणते. आईच्या साडीचा रंग कोणता होता ते कळव.

ता. क. दुसरा – येताना नागपूरहून किमान चाळीस खण घेऊन ये, विनंती आहे. चैत्रगौरीची हळदीकुंकवं तोंडावर आली आहेत आणि जबलपूरमध्ये एकाही मराठी घरात ओटीला खण उरलेला नाही. मंडळातल्या बायका सुनेत्राला काही बोलत नाहीत, पण माझ्याकडे बघतात. खरं म्हणजे पत्र मी यासाठीच लिहायला घेतलं होतं, बाकीचं ओघात आलं.

ता. क. तिसरा (हा सुनेत्राचा, मला उठवून ती खुर्चीवर बसली आहे) –

वन्सं, सा. न. ह्यांनी पुष्कळ तिखटमीठ लावून लिहिलं आहे, तुम्हाला मीठ बंद आहे तेव्हा तेवढं सोडून वाचा. एक मात्र मलाच सांगितलं पाहिजे. आठ वर्षं हे सगळ्यांना सांगतात की माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्मा होता. तो खण तुमचाच आहे हे मला माहीत होतं, 'पु' मीच लिहिलेलं. चार वर्षं मी तो कुणाला दिला नाही आणि शिवलाही नाही, इतका आवडला होता. अंतराच्या साखरपुड्याला तुमच्या ओटीत काय घालू म्हणून कपाट उघडलं, तर त्याच्याहून चांगलं घरात काहीच नव्हतं. वाटलं, तुम्ही ओळखाल आणि म्हणाल, अगं, अजून जपून ठेवलास होय. तुम्ही ओळखलं, पण बोलल्या नाही. मग मलाही नाही बोलता आलं.

आता तो देवीला द्या, तुमच्या हाताने. तुमच्यासाठी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून नवीन आणून ठेवला आहे. त्याचा कोपरा कोरा आहे.